कोऱ्या कागदाचं माप

फ्रेम दीड वीत लहान आली होती, आणि माप माझं होतं.

नील, तारा, तेव्हा तुमची आजी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फ्रेमिंग वर्कशॉपमध्ये को-ऑर्डिनेटर होती. चित्र आलं की माप घ्यायचं, लाकूड आणि काच मागवायची. २००८च्या क्रॅशनंतरचं वर्ष. दर आठवड्याला ऑफिसात कुणाच्या तरी फेअरवेलचा केक कापला जायचा. हॉटेलांच्या ऑर्डर्स आटल्या होत्या. ही एक उरली होती, एका हॉटेलच्या लॉबीची.

चित्र मिस शू नावाच्या चिनी बाईंचं. उभं, माझ्याहून उंच. मऊ चिनी कागद, ब्रश, काळी शाई आणि पाणी, बस. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डोंगर आणि धुकं काढतात, त्याच पद्धतीचं. फक्त डोंगरांच्या जागी अर्धवट टॉवर्स, थांबलेल्या क्रेन्स, आणि खाली डबे घेऊन बसची वाट बघणारे कामगार. वरचा मोठा भाग कोरा. मी तो मार्जिन समजले आणि शाई संपते तिथवरच टेप धरली. वॉटरकलरला आम्ही तसंच करायचो.

"ट्रिम इट," आमचे बॉस मेनन म्हणाले. "मॅडम, ऊपर तो कुछ है ही नहीं. परसों ओपनिंग है, दूसरी फ्रेम को दस दिन लगेंगे."

आमचे कारागीर उस्मानभाई यांनी कटरला हात लावला नाही. "पहले आर्टिस्ट से पूछ लो, बहनजी. काग़ज़ दोबारा नहीं उगता."

मी फोन केला तशा मिस शू आल्या. ओरडल्या नाहीत. खाली कोपऱ्यात त्यांचा लाल शिक्का होता. चिनी चित्रकाराची तीच सही. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "कापायचंच असेल तर आधी हा कापा."

मी हॉटेलच्या मॅनेजरना फोन लावला. जॉर्ज, लेबनीज गृहस्थ. चूक माझी आहे, हे आधी सांगितलं. मागे मेननांनी कपाळाला हात लावला.

"हबीबती, मग कापा ना! रिकामाच आहे कागद."

"एकदा येऊन बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुपारी ते किल्ली फिरवत आले. "यल्ला, यल्ला, कुठंय?" चित्रासमोर उभे राहिले. मग अगदी जवळ गेले.

"हा खाडीजवळचा टॉवर ना? काम थांबलंय तो?"

"रोज बसमधून बघते," मिस शू म्हणाल्या.

जॉर्ज कागदाला न शिवता बोटाने मजले मोजू लागले. सात, आठ, नऊ. शाई संपली. बोट कोऱ्या कागदावर तसंच वर चढत राहिलं आणि चौदाला थांबलं.

"इथे आमची बाल्कनी," ते म्हणाले. "असणार होती. बायकोने पडदेसुद्धा निवडलेत."

जॉर्जनी किल्ली खिशात टाकली.

"खलास. नो कटिंग."

"अँड द फ्रेम?" मेननांनी विचारलं.

"फ्रेम लागतच नाही," मिस शू म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांनी चित्र आमच्या मोठ्या टेबलावर पालथं घालून पाणी शिंपडलं. मेनन ओरडले, "अरे, बह जाएगा!" नाही वाहिलं. ती शाई एकदा वाळली की पाण्याने हलत नाही. मग पाठीवर पिठाची पातळ खळ आणि त्यावर दुसरा कागद. म्हणजे सुरकुत्या जातात. ब्रशने खळ पसरायचं काम त्यांनी मला दिलं. लहानपणी पतंगांसाठी आई करायची ती खळ याहून घट्ट असे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांच्या आजीची पण घट्टच असायची म्हणे. दुसऱ्या दिवशी उस्मानभाईंनी वर-खाली लाकडी दांड्या बसवल्या. चित्र पूर्ण उंचीचं, वेळेवर लॉबीत लागलं.

मला मेमो मिळाला. योग्यच होता. पुढच्या वर्षी वर्कशॉप बंद झालं, मिस शू आपल्या देशी गेल्या. त्या टेबलाची आठवण मला आमच्या त्या वेळच्या घरापेक्षा जास्त येते.

वर्कशॉप बंद होईपर्यंत मापाच्या फॉर्मवर माझा एक जादा कॉलम होता: 'चित्र कुठे संपतं हे चित्रकाराला विचारलं का?' मेनन त्याला हसायचे. पण सही करायच्या आधी वाचायचे.