चाळीस सह्या, दोन अर्ज

गोविंदतात्या डहीच्या तापाने गेले असं सगळे सांगतात.

तापाचं निमित्त झालं. मारलं आम्ही, देवासच्या मराठी माणसांनी.

आज त्यांची पुण्यतिथी. मी नव्वदीला टेकलो आहे, आता कुणाची भीड ठेवायची?

या आठवड्यात फोनवर मराठी अभिमानाचे इतके फॉरवर्ड आले की चष्मा पुसून पुसून दमलो. म्हणून ही पोस्ट. नात टाइप करते आहे, मी सांगतो आहे. चुका तिच्या, राग माझा.

तात्या म्हणजे सरकारी शाळेतल्या मराठी वर्गांचे मास्तर. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर ते आठवड्याच्या बातम्या सांगत. मुंबईचा मराठी पेपर पोस्टाने शिळा होऊन यायचा, इंदूरचा हिंदी ताजा. तात्या दोन्ही चाळून बाजारभाव आणि राजकारण मराठीत ऐकवायचे.

"शिळ्या पेपरचा फायदा असतो," म्हणायचे. "पुढाऱ्याने शब्द दिला कधी आणि मोडला कधी, एकाच बैठकीत उरकतं."

छप्पन साल. मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश व्हायला चार दिवस उरले होते. मी धारच्या संस्कृत पाठशाळेतून शिकून नुकता परतलो होतो. शब्दरूपं तोंडपाठ, व्यवहारज्ञान शून्य.

त्या रविवारी ओटा भरलेला. राजधानी भोपाळला. मुंबईचं द्विभाषिक होणार. सुएझचं काही खरं नाही.

कापसाचे व्यापारी शेठजी मागून म्हणाले, "मास्साब, राजधानी रेने दो, पेले कपास का भाव बताओ."

पण नानावकिलांना मुंबई हवी होती. आमच्या गावच्या बाबासाहेबांनाही. दोघे तासभर तावातावाने बोलले. मुंबई महाराष्ट्राचीच, यावर दोघांचं एकमत. तरीही भांडत होते.

तात्यांनी पेपरची घडी घातली.

"आता एक बातमी पेपरात नाही ती. आपले मराठी वर्ग बंद होणार आहेत. हवे असतील तर चाळीस पालकांच्या सह्या, एकाच अर्जावर, शनिवारपर्यंत. मी मोजलं, आपण बेचाळीस आहोत."

"आणि नाही झाल्या तर?" मी विचारलं. माझी धाकटी बहीण तिसरीत होती, आणि वडील नसल्याने तिचा पालक मीच.

"तर मुलं हिंदीत बसतील. माझी ट्रान्सफर डहीला, नर्मदेकडच्या तापाच्या मुलखात."

बाबासाहेब म्हणाले, "एवढंच ना? आणा कागद."

इथे बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या एवढ्याशा गावात दोन राजे होते. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू याची, दुसरी त्याची. संस्थानं विलीन होऊन आठ वर्षं झाली होती. राजांनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या. प्रजेचं तसं नव्हतं.

बाबासाहेब थोरल्या पातीचे. पहिली सही त्यांची, हे त्यांच्या दृष्टीने सांगायचीसुद्धा गोष्ट नव्हती.

नानावकील धाकट्या पातीचे. "अर्ज कायद्याचा आहे, मानपानाचा नाही. पहिली सही वकिलाची."

सोमवार गेला. मंगळवार गेला. तात्या शाळा सुटली की कागद घेऊन या आळीतून त्या आळीत.

बुधवारी मी अक्कल चालवली. म्हटलं, सह्या गोलाकार घेऊ, म्हणजे पहिला कुणीच नाही. तात्या हसले. "पंडित, बघ जमतंय का."

बाबासाहेबांनी गोल पाहिला आणि विचारलं, "वरती कोण?"

गुरुवारी बातमी आली, सुएझवर बॉम्ब पडताहेत. ओट्यावर पुन्हा गर्दी. जहाजं कुठून वळणार, रॉकेल किती चढणार, सगळ्यांना सगळं ठाऊक. त्याच दिवशी नवं राज्य झालं, पेढे वाटले. तात्या कोपऱ्यात कागद धरून उभे. कुणी म्हणालं, "मास्तर, जग पेटलंय आणि तुमचं काय शाळा-शाळा!"

शुक्रवारी नानावकील मला म्हणाले, "तुझं अक्षर सुरेख आहे. आपल्या पातीचा वेगळा अर्ज लिही. शाळाखात्याचा साहेब काय, दोन्ही मोजेल."

मी लिहिला.

तात्यांना विचारलंही नाही. सुरेख लिहिला, ठेवणीतली विशेषणं वापरली, आणि खाली बहिणीचा पालक म्हणून सही ठोकली. चौथी सही माझी. मानाची वाटली.

शनिवारी साहेबापुढे दोन अर्ज गेले. एकावर बावीस, एकावर वीस.

साहेब वाईट नव्हता. दोनदा मोजलं त्याने. "मास्टरजी, एक पे चालीस होते तो मैं आज ही लिख देता. दो कागज को जोड़ के नियम नहीं बनता."

बाहेर आल्यावर तात्यांनी माझा अर्ज हातात घेऊन पूर्ण वाचला. मला वाटलं, आता बोलतील.

"एकही चूक नाही रे," म्हणाले. "छान लिहिलंस."

त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आयुष्यभर बरा झोपलो असतो.

महिन्याभरात ऑर्डर आली. पुढच्या पावसाळ्यात डहीहून पत्र आलं. तात्यांची बायको, आमच्या काकू, एक ट्रंक घेऊन एकट्या परतल्या. शोकसभेत बाबासाहेब आणि नानावकील दोघांनीही मायमराठीच्या सेवकावर भाषणं केली. मी संस्कृत श्लोक रचून म्हटला. माझीच मला लाज वाटते.

म्हणून बाबांनो, मुंबईत मराठीचं काय होणार, दिल्लीत काय शिजतंय, हे मला पाठवू नका. तुमच्या आळीतली शाळा बघा. सही मागायला कुणी आलं तर जिथे जागा दिसेल तिथे करा.

माझी बहीण आता अठ्ठ्याहत्तरची आहे. बोलते मराठी. वाचायला दिलं की दुसऱ्या ओळीत अडते आणि कागद परत करते. "दादा, तुम्हीच वाचा ना, मेरे से नी होता."

ही पोस्टही संध्याकाळी तिला मीच वाचून दाखवणार आहे. अर्ज कुणी लिहिला होता, हे तिला आजवर सांगितलेलं नाही.

तात्या, आज सांगतो.

तुमच्या विद्यार्थ्याचा साष्टांग नमस्कार.