दुधाची बहीण

"प्युअरपरल फीवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे बाळंतज्वर, बाळंतपणात शिरलेलं विष रक्तात भिनतं. "बाळाला अंगावर पाजायचं नाही. आणि घरी न्यायचं नावही काढू नका," असं त्यांनी माझ्या सासूबाईंना सुनावलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, आणि मी अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यात पडून होते. तापापेक्षा ते पाजण्याचं वाक्य मला जास्त लागलं.

बायांनो, बाळंतिणीला हुडहुडी भरून ताप आला, तर वारं लागलं म्हणून घरात शेक देत बसू नका. आमच्याकडे बसले, आणि मी मरता मरता वाचले.

माझं पाजणं बंद, आणि माधव बोळ्यानं दूध घेईना. गाईचं दिलं, शेळीचं दिलं, सगळं ओकायचा. रडणंही बारीक होत गेलं. डॉक्टरीणबाई रोज त्याचं वजन करून नुसतं "हं" म्हणायच्या. त्या "हं"ची मला धास्तीच बसली.

शेजारच्या खाटेवर अकोटची रशीदाबी होती. नवरा कापूस पिंजायचा. तिची नूरी पोटभर पिऊन निवांत झोपायची. एका दुपारी रशीदाबी सासूबाईंना म्हणाली, "लेकरू भुकेनं चाललं ना माय. माह्याजवळ दे. मले दोन जड नाही."

सासूबाई भाजीच्या मळ्यात राबलेल्या, पण परक्याच्या घरचं पाणी कधी न प्यालेल्या. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. तो प्यायला लागला तशा पदरात तोंड घालून रडल्या. माझा ताप उतरेपर्यंत रशीदाबीनंच त्याला पाजलं.

बारशाला आम्ही तिला बोलावलं. नवऱ्यानं पिंजलेल्या कापसाची लहानशी गादी घेऊन, नूरीला कडेवर घेऊन ती आली. सगळ्या बाया बसलेल्या असताना ती गंभीरपणे म्हणाली, "आमच्यात एका बाईचं दूध पेलं का सख्खे भाऊ-बहीण होते. आता या दोघांचं लगन लावता येत नाही. ध्यानात ठेवजा."

बायांची हसून मुरकुंडी वळली. "अवो, ते लगन कोन लावून राह्यलं?" मीही हसले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. रशीदाबीही हसली, पण उशिरा, आणि लवकर उठली. ती नातं द्यायला आली होती, हे मला फार मागाहून कळलं.

माझे यजमान गणपतीच्या मांडवात दरवर्षी भाषण करत. ते म्हणत, हिंदू तो, जो साऱ्या जगाला सोयरं मानतो. या देशात जन्मलेले आपण सगळे एका आईची लेकरं. मीही टाळ्या वाजवायचे. घरात रशीदाबीच्या दुधावर वाचलेल्या पोराची आठवण तेव्हा एकदाही झाली नाही, याची खंत वाटते.

हळूहळू जाणं-येणं सुटलं. देश स्वतंत्र झाला त्या गडबडीत रशीदाबीची माणसं हैदराबादेकडे गेल्याचं कानावर आलं. कुठे, ते अकोटात कुणालाच सांगता येईना.

त्या आजारानंतर मला मूल झालं नाही. स्वातंत्र्याच्या पुढच्या उन्हाळ्यात विशीतल्या माधवचं लग्न निघालं. भटजींनी विचारलं, "करवली कोण? नवरदेवाला सख्खी बहीण?"

"नाही," मी म्हणाले.

पार थकलेल्या सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या, "हाय ना. अकोटची."

या खेपेस कुणी हसलं नाही. मग नणंदेची पोर उसनी करवली म्हणून उभी केली.