हार्पवर करंगळी चालत नाही

पुण्याच्या हार्पवादक बाईंनी माझी पानं मेलने परत पाठवली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळीवर लाल गोल होते. खाली एकच प्रश्न : "तुम्ही हार्प प्रत्यक्ष पाहिला आहे का?"

पाहिला नव्हता. शिरपूरच्या शाळेत प्रार्थनेच्या पेटीवर माझी बोटं बसली. तिथल्या सरांनी फी न घेता शिकवलं, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर झाले आणि आज धुळ्यात संगीत शिकवते. पाश्चात्त्य स्वरलेखन पुढे शिकले. त्याच जोरावर हे काम घेतलं होतं : एका जुन्या कॉन्चेर्टोमध्ये वाद्यवृंदासोबत पियानो जे वाजवतो, ते हार्पसाठी लिहून द्यायचं. पेटीच्या सवयीने मी एका हातात पाच-पाच स्वर भरले. हार्पवर करंगळी वापरतच नाहीत.

ते निस्तरलं. प्रत्येक ठिकाणचा एकेक स्वर कमी केला. खरी अडचण पायांची होती. हार्पला सात पेडलं, सात स्वरांची; डाव्या पायाकडे तीन, उजव्याकडे चार. एक हललं की त्या स्वराच्या लहानमोठ्या सगळ्या तारा एकदम कोमल किंवा तीव्र होतात. रविवारी तालीम होती. तोवर वाजवण्याजोगं झालं नाही, तर ही रचना कार्यक्रमातून काढू, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

शाळेतून आले की चहा ठेवायचे आणि विसरायचे. टेबलाखाली खडूने सात चौकोन आखले. तोंडाने स्वर म्हणत त्यांच्यावर पाय टाकत बसायचे. गावाहून आलेले आबा दारातून बघत होते.

"काय करी ऱ्हायनी वं माय?"

"बाजा लिहितेय, आबा."

"बाजा लिखाले पाय कसाले लागतस? शिलाई मशीन ली ले. एखादं पोलकं तरी व्हई."

पण ते खुर्ची ओढून बसले. अकराव्या पानावर त्यांनी मला थांबवलं. "हाऊ उजवा पाय एकदम दोन जागे कसा जाई?"

जात नव्हताच. दोन पेडलं, मध्ये एक सोडून, एकाच क्षणी. आणि नेमकी तिथलीच, वरून खाली कोसळत येणारी स्वरांची ओळ माझी सगळ्यात आवडती. दोन दिवस कागदावर शेजारच्या तारांवरून तोच सूर काढून पाहिला, जमेना. शनिवारी ती ओळ काढून चार संथ स्वर लिहिले आणि पानं पाठवली.

रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. "बाकी सगळं वाजतंय. अकराव्या पानावर मुळात काय होतं?"

मी सांगितलं. उजवा पाय पुरत नाही, हेही सांगितलं.

"अहो, उजवीकडचं पहिलं पेडल डावा पाय पलीकडे नेऊन दाबता येतं. जुनं पान पाठवा. तालमीला वीस मिनिटं आहेत."

मी पानाचा फोटो पाठवला. फोन चालूच होता. पेडलचा ठक्क आवाज आला, ओळ निम्म्यात अडखळली. पुन्हा तिथेच. आबा म्हणाले, "बस ना जरा." मी उभीच. आता त्या म्हणतील, राहू द्या, ते चार स्वरच बरे.

"थांबा," त्या म्हणाल्या, "बूट काढते."