इपॉक्सी वाळेपर्यंत

समस्त कुटुंबीयांना आणि खालच्या मजल्यावरच्या मांजराला अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज सकाळी नऊपासून आमच्या हॉलमध्ये कोणीही शिंकू नये, केस विंचरू नयेत, पंखा लावू नये. घरात इपॉक्सी वाळत आहे, त्यावर धुळीचा कणही बसता कामा नये.

हे फर्मान मी खुर्चीवर उभं राहून काढलं. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "श्वास घेतला तर चालेल?"

"नाकाने. हळू."

प्रकरण नाजूक होतं. सासरे आमच्याकडेच राहतात आणि दर शनिवारी मित्रांबरोबर खडकवासल्याच्या वरच्या अंगाला मासे धरायला जातात. त्यांचा लाडका, कित्येक वर्षांचा गळाचा रॉड मी गाडीच्या दारात चिरडला होता. मोडलेले दोन तुकडे हातात घेऊन ते म्हणाले, "असू द्या. जुनाच होता." आणि तेव्हापासून पंधरा दिवस माझ्याशी भयंकर गोड वागत होते. "आपण चहा घेतलात का, जावईबापू?" असं ऐकलं की मी चपला शोधू लागायचो. एकदाचे ओरडले असते, तर मी सुटलो असतो!

म्हणून त्यांच्या डोळ्यांदेखत नवा रॉड बांधायला घेतला. गळाची दोरी ओवायच्या कड्या काठीवर दोऱ्याने घट्ट गुंडाळून झाल्या. आता तो दोरा पक्का बसावा म्हणून त्यावर इपॉक्सीचा, म्हणजे दोन द्रव मिसळून होणाऱ्या गोंदाचा थर. रविवार पेठेतल्या दुकानात जाऊन म्हणालो, "पाच मिनिटांत वाळणारं द्या."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "रॉडसाठी? ब्रश फिरवेपर्यंत दगड होईल त्याचा. आणि रॉड वाकला की तडकेल. हे संथवालं न्या, लवचीक राहतं. दिवसभर लागेल."

"मला घाई आहे हो."

"मग मासे मंडईतून आणा."

संथवालं आणलं. त्यातले दोन द्रव, रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर, दोन सिरिंजांनी अगदी सारखं मोजलं, कारण हार्डनर कमी पडला तर थर कायमचा चिकट राहतो. बुडबुडे येऊ नयेत म्हणून देवाला नैवेद्य ढवळावा तसं हळुवार ढवळलं. थर ओला असताना रॉड सतत फिरवावा लागतो, नाहीतर तो ओघळून एका बाजूला लोंबतो. त्यासाठी माळ्यावरून गणपतीच्या मागे फिरणाऱ्या चक्राची मोटर काढली. रॉड डौलात फिरू लागला. मी हात जोडले.

दहा वाजता मोटर थांबली.

गुरुवार! वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार! साऱ्या पुण्याला ठाऊक असलेली गोष्ट मी विसरलो होतो. बायको हसून हसून ओट्याला टेकली. मी मात्र झडप घालून रॉड हातात घेतला आणि बोटांनी फिरवू लागलो. पाव फेरा, थांब, पाव फेरा. अर्ध्या तासात मान आखडली, नाक खाजलं, पायाला मुंग्या आल्या. उठलो, बसलो, उभ्याने फिरवला. घड्याळ हलेना.

सासऱ्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं. "सरा, मी फिरवतो. आपण दमला असाल." तोच तो गोडवा! ते पाटावर बसले आणि घड्याळाच्या काट्यासारखा रॉड फिरवू लागले. मी समोर येरझारा घालू लागलो.

बारा वाजले. वाळलं असेल? उरलेलं इपॉक्सी कपात होतं. पाहायचं तर ते चाचपून पाहायचं, रॉडला बोट लावायचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पण थर असा काही चमकत होता! शनिवार परवावर आला होता आणि माझ्याच्याने राहवेना. मी वाकलो. तर्जनी आपोआप पुढे सरकली. केसभर अंतर उरलं असेल, तोच पंधरा दिवस "आपण, आपण" करणारे माझे सासरे इतक्या जोरात ओरडले की बायको लाटणं घेऊन धावत आली:

"अरे गाढवा, हात काढ! एक मोडलास, तेवढा पुरे नाही झाला?"