कोळ्याच्या धाग्याची साक्ष

जुन्या पितळेचा आंबूस वास आला की वाशिम जिल्ह्यातल्या माझ्या ठाण्यातली ती सकाळ समोर उभी राहते. रिठदकडच्या साठीच्या एका शेतकरी बाईंनी पोत्यातली मोजणीची दुर्बीण टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे आमची नाई, मॅडम."

त्यांचे वडील भूमापन खात्यात जमीन मोजायची साखळी धरायचे. खात्याने निकामी ठरवलेली दुर्बीण निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांना चिठ्ठीनिशी दिली होती. चिठ्ठी पुढे उंदरांनी कुरतडली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी दुर्बीण तपासायला म्हणून घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी हुबेहूब नक्कल ठेवून गेला.

जमादार हसले. "मावशी, पितळ ते पितळ."

"घरी बायकोलेबी असंच म्हनता का, बाई ते बाई?"

जमादारांनी वही ओढून तक्रार लिहून घेतली.

आम्ही आसपासच्या लॉजांना कळवून ठेवले होते; दुपारी एका व्यवस्थापकाचा फोन आला. एक पाहुणा घोंगडीत जड काहीतरी गुंडाळून निघाला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या गाडीचे इंजिन धडधडत होते. पंचांसमक्ष दुसरी दुर्बीण जप्त केली. पाहुणा म्हणजे तोच व्यापारी; तो मात्र शांत होता. परगावच्या खरेदीचे बिल त्याने पुढे केले. बाईंजवळ कागद नव्हता. पुरावा मिळाला नाही, तर दुर्बीण त्याच्याकडेच जाणार होती.

दोघांना वेगळे बसवून मी एकच प्रश्न विचारला : आत डोकावल्यावर दिसणाऱ्या आडव्या-उभ्या रेघा कशाच्या?

काचेवर कोरलेल्या, असे सांगून व्यापाऱ्याने जबाबावर सही केली.

बाई म्हणाल्या, "कोळ्याचा धागा हाय थो. आबा डहाळीच्या बेचक्यावर गुंडाळून आनत, मी लाखेनं चिकटवायची. ओल लागली का सैल पडते, उन्हात तानते. आतला हा आबानं आनलेला शेवटचा."

जप्त दुर्बिणीत मी एकदा डोकावून पाहिले; रेघा ताठ होत्या. वाफेसाठी चहाची उकळती किटली मागवली, डोळ्याकडचे भिंग उतरवले आणि तिथेच थबकले. त्यांच्या वडिलांच्या हातचा तो शेवटचा धागा वाफेने तुटला असता.

"तुटला तं नवा लावीन," बाई म्हणाल्या. "पन दुर्बीण जाऊ देऊ नका."

आल्याच्या वासाची वाफ नळीत शिरली. भिंग बसवून मी डोळा लावला. मघाची ताठ उभी रेघ हलकेच झुकली होती, वाऱ्यावरच्या गवतासारखी. नकलेतल्या रेघा वाफेनंतरही ढिम्म होत्या. पंचांनी पाळीपाळीने पाहिले. मग व्यापाऱ्यानेही बराच वेळ पाहिले. नक्कल करवताना वजन, कोरलेली अक्षरे, आटे, सारे त्याने पारखले होते. "मला रेघच वाटली," तो पुटपुटला आणि नक्कल कुठे ओतून घेतली ते सांगू लागला.

त्यानंतर चोरीच्या मालाची ओळख पटवताना मी पावतीआधी विचारत असे : या वस्तूची डागडुजी कोण करायचे?

न्यायालयाच्या आदेशाने दुर्बीण सुपूर्द केली, तेव्हा ऊन कडक होते. बाईंनी ठाण्याच्या अंगणातल्या कडुनिंबावर ती रोखली, एक डोळा मिटला. रेघ पुन्हा ताठ झाली होती.

"धागा आबाचाच हाय," त्या म्हणाल्या आणि मग सुपुर्दनाम्यावर सही केली.