विल्ट्रूडचा श्वास

औषधांच्या दुकानात तीस वर्षं गोळ्या देणाऱ्या विल्ट्रूडला गावात कुणी गायिका म्हणत नसे. पण गुड फ्रायडेच्या दुपारी चर्चमध्ये ती दोन मिनिटं एकटी गायची. आरिया, म्हणजे एकटीने गायची मोठी गाणी, गायला लाइपझिगहून बाई यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. आरियाआधीचा अरिओझो मात्र गावच्या गायकवृंदातल्या बाईनेच गायचा, अशी तिथली रीत. शब्द बोलल्यासारखे यायला हवेत, पण सूर सुटता कामा नये, असं ते गाणं. एकोणीस वर्षं ते विल्ट्रूडकडे होतं.

साथीला चेलोवर तिचा नवरा, एकार्ट. तिसऱ्या ओळीनंतर सगळं थांबायचं, ती श्वास घ्यायची, आणि तिच्या खांद्यांकडे बघून एकार्ट तारेवर गज टेकवायचा. घरी तो तिच्याकडे असा बघत नसे. घरी तो पेपरकडे बघायचा.

यंदा चर्चचे संगीतप्रमुख नेबेलुंग यांनी अरिओझो मार्लीसला दिला. मार्लीस बेकरीवाल्यांची सून, दोन वर्षांपूर्वी वृंदात आलेली.

"तुमच्या आवाजाला आता जरा आराम," नेबेलुंग म्हणाले.

"आवाजाने मागितला नव्हता," विल्ट्रूड म्हणाली.

सरावाला मार्लीस घरी येऊ लागली, दर खेपेला केकचा डबा घेऊन. ती आणि एकार्ट बैठकीत बसत. विल्ट्रूड स्वयंपाकघरात बटाटे सोली आणि दार उघडं ठेवी.

"तुम्ही श्वास कुठे घेणार ते कळतच नाही मला," एकार्ट म्हणाला.

"मला तरी कुठे कळतं? संपला की घेते." मार्लीस हसली.

"मग मला तुमच्याकडे बघतच राहायला हवं."

बटाट्याची सालं जाड निघायला लागली.

जेवताना विल्ट्रूड म्हणाली, "साखर जास्त आहे केकात."

"तू खाल्लास कुठे?"

"वासावरून कळतं. गाण्यातही तसंच आहे तिच्या."

"अगं, बरी गाते ती."

"मी कुठे नाही म्हणते? तू बघत राहा म्हणजे झालं."

गुड फ्रायडेला विल्ट्रूड वृंदाच्या पहिल्या रांगेत होती, मार्लीस चार पावलं पुढे. तिसरी ओळ संपत आली. आणि एकार्टची नजर मार्लीसवरून घसरून मागे आली, थेट विल्ट्रूडच्या खांद्यांवर. सवयच ती. स्वयंपाकघरातून ऐकून विल्ट्रूडला ठाऊक होतं, मार्लीस इथे श्वास घेत नाही, पुढे घेते. नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं.

तिने खांदे उचलले आणि श्वास घेतला, आपल्या जुन्या जागी.

चेलो लागला. मार्लीस अजून ओळीतच होती. ती दचकली, पुढचा शब्द अर्धाच निघाला, मग नुसती हवा. सहा मात्रा चेलो एकटा वाजत राहिला. त्या सहा मात्रांत विल्ट्रूडला जितकं बरं वाटलं, तितकं वर्षभरात वाटलं नव्हतं.

चर्चबाहेर मार्लीसचे डोळे लाल होते. "मी चुकले, एकार्ट."

"तुम्ही नाही. मी भलतीकडे बघितलं."

घरी जाताना तो चेलो घेऊन दोन पावलं पुढे चालत होता. शेवटी विल्ट्रूडच म्हणाली, "मी काय केलं? श्वाससुद्धा घ्यायचा नाही का मी?"

"घे की," तो म्हणाला. "तुझाच आहे."

ईस्टरच्या सकाळी वृंदाचं पुन्हा गाणं होतं आणि त्यातही मार्लीसचा एक छोटा तुकडा होता. एकार्ट लवकर गेला. विल्ट्रूड पोचली तेव्हा त्याची खुर्ची फिरवलेली होती. तोंड मार्लीसकडे, पाठ विल्ट्रूडच्या रांगेकडे. गाणं सुरू झालं. तिला दिसत होती फक्त त्याची मान. मानेवरचे केस तिनेच बुधवारी कापले होते, डावीकडे जरा वाकडे. आणि त्याच्या खांद्यावरून मार्लीसचा चेहरा, त्याच्याकडे लागलेला.

मार्लीसची ओळ संपत आली तशी विल्ट्रूडने श्वास घेतला. मोठा, शेजारणीने वळून बघावं इतका.

मान हलली नाही.