काच म्हणून आलेली अंगठी

दागिन्यांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की सहसा आधी आरसा पुढे केला जातो. आत्यांच्या दुकानात आधी स्वेटर पुढे येतो. आरशाशेजारच्या खुंटीवर एक राखाडी, कोपरांशी विरलेला लोकरीचा स्वेटर कायम टांगलेला असतो. गळ्यातलं काही पसंत पडलं, तर ते घालून हा स्वेटर एकदा अंगात चढवायचा आणि एकदा उतरवायचा. लोकरीचा एक जरी धागा कडीत अडकला, तर तो हार त्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. अंगठी घेणाऱ्याने खिशात हात घालून किल्ल्या बाहेर काढायच्या. कानातलं घेणारीने फोन कानाला लावून थोडा वेळ बोलायचं, पलीकडे कोणी नसलं तरी.

“आरशासमोर दिवसातून किती वेळ उभ्या राहता?” आत्या विचारतात. “बाकी सगळा वेळ कामंच करायचीत ना?”

समोरचा चष्मेवाला सगळ्यांना सांगतो, की इथे दागिना घेणं म्हणजे नोकरीची मुलाखत देणं, आणि वर पगारही आपणच द्यायचा. हे आत्यांच्या कानावर गेलेलं आहे. त्यांनी पुढचा चष्मा त्याच्याकडूनच घेतला. घेण्याआधी तो डोळ्यांवर चढवून वाकल्या, चपलेचा पट्टा काढला आणि पुन्हा लावला. चष्मा नाकावरून घसरला. चष्मेवाल्याने मुकाट्याने दांड्या वाकवून दिल्या.

खरं तर त्या आत्या एकाच मुलीच्या, भावाच्या लेकीच्या. ती मुलगी लहानपणी शाळेतून थेट दुकानात यायची आणि दारातूनच “आत्या” म्हणून हाक मारायची. ती शिकून बाहेरगावी गेली, हाक मात्र बाजारात राहिली. आता त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना आत्याच म्हणतात.

दुकान वडिलांचं. वडिलांनी आधी मुलाला गल्ल्यावर बसवलं होतं आणि मुलीला हिशेबाला. पण मुलाची एक अडचण होती. समोरच्याला जे आवडेल ते त्यालाही मनापासून आवडायचं. आखूड मानेच्या बाईंनी रुंद हार गळ्याशी धरला, की हा भारावून जायचा. गिऱ्हाईक घरी जायचं, घरचे खरं काय ते सांगायचे आणि हार परत यायचा. हात मात्र त्याचे सोन्यासारखे होते. शेवटी वडिलांनी त्याला पडद्यामागे कारागिराच्या टेबलाशी बसवलं आणि मुलीला पुढे आणलं. दोघं तेव्हापासून तिथेच आहेत. मधला निळा पडदा एवढाच त्यांच्यातला दुरावा. बोलणं पडद्यातून चालतं आणि बहुतेक वेळा ते भांडण असतं.

एकदा एक तरुण आला. लग्नाची मागणी घालायची होती आणि त्यासाठी त्याला उंच बसवलेल्या खड्याची, लांबून दिसेल अशी अंगठी हवी होती. आत्यांनी विचारलं, मुलगी करते काय? दातांची डॉक्टर, तो म्हणाला.

“म्हणजे दिवसभर रबरी हातमोजे. ही अंगठी पहिल्याच दिवशी हातमोजा फाडेल, दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये जाईल. तुम्हाला वाटेल, हिचं मन बदललं.”

त्याने कुरकुरत खोल बसवलेल्या खड्याची अंगठी नेली. पुढे ते दोघं मिळून आले तेव्हा ती अंगठी मुलीच्या बोटात होती. आत्यांनी अंगठीकडे पाहिलं. त्यांच्या धंद्यात याहून मोठी पावती नसते.

त्या स्वतः अंगावर एकही दागिना घालत नाहीत. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक भिंग असतं, तेवढंच. आलेली वस्तू भिंगाखाली गेल्याशिवाय तिला नाव द्यायचं नाही, ही वडिलांची शिकवण. दुरुस्तीला आलेल्या वस्तूच्या पाकिटावर “सोनं” किंवा “हिरा” लिहायचं नाही. “पिवळा धातू, पांढरा खडा” असं लिहायचं. गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐकायचं, पण डोळ्यांना जे दिसतं तेच लिहायचं. काहींना हा अपमान वाटतो. एका गृहस्थांनी विचारलं होतं, मी काय पितळ घेऊन फिरतो का? “मला माहीत नाही,” आत्या म्हणाल्या, “म्हणूनच पिवळा धातू.”

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तोही हसता हसता.

दुकानाच्या दाराशी ज्या दोन कुंड्या आहेत, त्या रोपवाटिकावाल्या बाईंनी दिलेल्या. बाई जुन्या ओळखीच्या, मोठ्या आवाजाच्या, नखांत कायम मातीची बारीक रेघ. त्यांचे यजमान जन्मभर बोटीवर इंजिनाचं काम करत होते. आयुष्य बोटीच्या पोटात गेलं, तरी लोक त्यांना कॅप्टन म्हणतात. बाईंच्या बोटातली हिरव्या खड्याची अंगठी आणि तिची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कॅप्टन कुठल्याशा परदेशी बंदरावर उतरले, सगळे खलाशी बायकांसाठी काय काय घेत होते आणि या गृहस्थांनी फुटपाथवरून काच उचलली.

त्या दिवशी बाई अंगठी धुवायला घेऊन आल्या. खडा मळकट दिसायला लागला होता. दुकानात गर्दी होती.

“काच आहे हो, आत्या. उगाच भिंग लावून तिची लाज काढू नका. आमचं माणूस इंजिनाला दागिना समजायचं आणि दागिन्याला इंजिनाचा स्पेअर पार्ट.”

सगळं दुकान हसलं. आत्याही हसल्या आणि पाकिटावर लिहिलं: काच.

दुकानात दागिने धुवायचं एक मशीन आहे. पाण्यात बारीक हादरे देऊन ते फटीतला मळ काढतं आणि माशी घोंगावावी तसा आवाज करतं, म्हणून त्याचं नाव भुणभुण्या. भुणभुण्यात सोनं चालतं, हिरा चालतो, काच चालते. मोती चालत नाही, आणि पाचू तर अजिबात नाही. पाचूच्या पोटात जन्मजात बारीक भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून खाणीतून आल्यावर खड्यात तेल जिरवलेलं असतं. भुणभुण्या ते तेल ओढून काढतो.

काचेत तेल नसतं. अंगठी मशीनमधून बाहेर आली, तेव्हा खड्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा उठल्या होत्या.

आत्या अंगठी घेऊन पडद्याआड गेल्या. भावाने ती डोळ्यांशी धरली आणि दिव्याखाली फिरवून पाहिली.

“ताई, ही काच नाहीये.”

“ते मशीनने मला सांगितलं.”

“आणि साधासुधा पाचूही नाही. त्या माणसाने एका अख्ख्या फेरीची कमाई घातली असणार यात.” त्याने अंगठी कापडावर ठेवली. “घाबरू नकोस. देवदाराचं तेल आहे माझ्याकडे. काही दिवस कोमट तेलात ठेवतो, रेघा बुजतील. होता तसा दिसेल.”

“आणि बाईंना काय सांगू?”

“काय सांगायचंय? काच आली, काच गेली. धुऊन स्वच्छ.”

आत्यांनी अंगठी भिंगाखाली धरली.

“अगं, सांगणार म्हणजे नक्की काय सांगणार तू? की बाई, तुमचा नवरा इतकी वर्षं तुमच्याशी खोटं बोलतोय? त्याचं काहीतरी कारण असेल ना. आपलं काम अंगठ्या धुवायचं. लोकांचे संसार धुवायचं नाही.”

भाऊ चुकीचं बोलत नव्हता, आणि हीच पंचाईत होती. गप्प राहिलं तर दुकानाचं नाव राहतं, कॅप्टनचं गुपित राहतं, बाईंचा विनोदही राहतो. पण आत्यांनी भिंग लावलं तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. खड्याला धरून ठेवणारी सोन्याची नखं झिजून कागदाएवढी पातळ झाली होती. काच समजून बाई असंच खुरपत राहणार, भांडी घासत राहणार. एक दिवस खडा मातीत पडेल आणि त्या म्हणतील, गेली काच, जाऊ दे. सल्ला देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हे बघत बसायचं का?

“अंगठी कॅप्टनची नाहीये,” आत्या म्हणाल्या. “अंगठी बाईंची आहे.”

बाई संध्याकाळी आल्या. कॅप्टन बाहेर फुटपाथवर थांबले. दागिन्यांच्या दुकानात पाकीट आजारी पडतं असं सांगून ते कधीच आत येत नसत. आत्यांनी बाईंना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि अंगठी समोर ठेवली.

“माझ्या हातून तुमच्या अंगठीचं नुकसान झालंय. न बघता मशीनमध्ये घातली.”

बाईंनी खडा वर धरला, रेघा पाहिल्या आणि हात झटकला. “एवढंच ना? मला वाटलं कोणाला बरं नाही की काय. तडकली तर तडकली, दुसरी काच बसवा. तुमच्याकडे हिरवी काच नसेल तर बाटली फोडून आणते.”

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पडद्यामागे भावाची कानस थांबली होती.

“बाटली नको,” आत्या म्हणाल्या. “ही काच नाहीये. पाचू आहे, आणि चांगल्यातला आहे.”

बाईंनी अंगठी पुन्हा उजेडाकडे धरली. मग उठल्या, दार उघडलं आणि रस्त्यावरच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा त्या दुकानात बोलावलं. कॅप्टन आत आले. अंगठी पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला आणि काय झालंय ते विचारलंच नाही.

“हे खरंय का?”

“हो.”

“मग मला काच का म्हणालात?”

कॅप्टन आत्यांकडे वळले, जणू तक्रार त्यांच्याकडेच नोंदवायची होती. “पहिल्या फेरीनंतर हिच्यासाठी साखळी आणली होती. खरी आहे म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी ती कपाटात गेली. मी वर्षातून मोजके दिवस घरी असायचो आणि साखळी कपाटात. एकदाही गळ्यात बघितली नाही मी ती.”

“हरवली असती,” बाई म्हणाल्या.

“बघा. म्हणून मग काच आणली.”

“मी गावभर सांगत फिरले, आमच्या ह्यांनी फुटपाथवरून काच उचलली म्हणून. पाहुण्यांसमोर. तुमच्यासमोर. आणि तुम्ही हसत होतात.”

“तू छान सांगायचीस.”

 बाईंनी अंगठी मुठीत घट्ट धरली, जशी त्यांनी याआधी कधी धरली नसेल, आणि आत्यांपुढे दुसरा हात पसरला. “चांगली कुलपाची डबी असेल तर द्या.”

कॅप्टन फरशीकडे बघत होते.

आत्यांनी डबी दिली नाही. अंगठी अजून तयार नाही, म्हणाल्या. तेल भरायचंय. नखं काढून खड्याभोवती सोन्याची पूर्ण कडा बसवायला हवी, ती दुकानाकडून. “पुढच्या आठवड्यात या. डबी हवी असेल तर तेव्हा नक्की देईन.”

“करा काय करायचं ते,” म्हणत बाई बाहेर पडल्या आणि कॅप्टनच्या चार पावलं पुढे चालत गेल्या.

पडद्यातून आवाज आला, “धुतलास संसार?”

“तू कडा नीट बसव,” आत्या म्हणाल्या.

तो आठवडा आत्यांना जड गेला. दुसऱ्या कोणाला ते कळलं नाही, भावाला कळलं. कारण त्या आठवड्यात त्या त्याच्याशी एकदाही भांडल्या नाहीत. अंगावरची वस्तू कपाटात जाऊ नये म्हणून जन्मभर लोकांना स्वेटर चढवायला लावणाऱ्या आत्यांनी, खरं बोलून एक अंगठी कपाटाच्या दारापर्यंत नेऊन ठेवली होती. भावाने मात्र ती कडा अशी बसवली, की बोट फिरवलं तरी सोनं कुठे संपतं आणि खडा कुठे सुरू होतो ते लागत नव्हतं.

ठरल्या दिवशी दोघं आले. या वेळी कॅप्टनही आत आले, पण दाराजवळच उभे राहिले. आत्यांनी अंगठी पुढे केली. लपवण्यासारखं त्यांनी काही ठेवलं नाही.

“दोन रेघा राहिल्यात. डाव्या बाजूला. त्या माझ्या चुकीच्या.”

बाईंनी हात पुढे केला, तो अंगठीसाठी नव्हे, भिंगासाठी. आत्यांनी दोरी गळ्यातून काढून दिली. बाईंनी खडा डोळ्यांशी नेला, दूर केला, पुन्हा जवळ नेला.

“आत शेवाळ आहे,” त्या म्हणाल्या.

“खऱ्या पाचूत असतंच.”

“भिजलेल्या कुंडीच्या तळाशी असतं ना, अगदी तसं.” त्यांनी भिंग परत केलं. मग विचारलं, “मातीत चालेल?”

“हातमोजे घालून. तिला आंघोळ साध्या पाण्याची. गरम पाणी नको, साबणाचा फेस नको, भांडी तर नकोतच. आणि कोणी मशीनमध्ये धुऊन देतो म्हणालं तर देऊ नका, मी म्हटलं तरी.”

आत्यांनी डबी काउंटरवर ठेवली. कबूल केलं होतं, म्हणून ठेवली. बाईंनी ती उघडली, आतली मखमल दाबून पाहिली आणि झाकण लावलं. मग अंगठी बोटात सरकवली आणि कॅप्टनकडे वळल्या.

“ऐकलंत ना? भांडी नको म्हणतायत.”

“मग भांड्यांच्या वेळेला काढून ठेवायची,” कॅप्टन म्हणाले.

“काढून ठेवली की कपाटात जाते. तुम्हीच म्हणालात.”

कॅप्टनने मदतीसाठी आत्यांकडे पाहिलं. दारात शिरलेल्या कोणालाही सल्ला देणाऱ्या आत्या नेमक्या तेव्हाच वाकून खालचा ड्रॉवर लावत होत्या, आणि तो काही केल्या नीट लागत नव्हता.